मोरी नसलेल्या घरातली भिंत

पोरीचा हात भिंतीत गेला तेव्हा मी चहा गाळत होतो. ती ओरडली नाही. नुसतं "बाबा" म्हणाली, पण अशा आवाजात की मी गाळणं कपावर तसंच ठेवून धावलो. ह्या वयात धावणं म्हणजे खुर्च्या-टेबलं धरत चालणं.

ती अंघोळ करून टबातून बाहेर आली होती. पाय पुसायला एक पाय वर उचलला आणि तोल सांभाळायला हात भिंतीला टेकला. हात टाइल्ससकट आत गेला, पार मनगटापर्यंत. मी पोचलो तेव्हा ती टॉवेलच्या झग्यात उभी होती आणि हाताला लागलेला काळा चिखल बघत होती. चिखल म्हणजे भिंतच. भोकातून वास येत होता, जुन्या ओल्या पोत्याला येतो तसा.

"लागलं का?"

"नाही. बाबा, भिंत इज वेट. इट्स लाइक केक."

"माहीत आहे."

"माहीत आहे? व्हॉट डू यू मीन, माहीत आहे?"

चहा उकळून सांडला असेल म्हणून परत गेलो. गॅस बंद होता.

मी हे घर सोडून तिच्याकडे जाऊन राहावं, म्हणून ती आली होती. तिकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला शाळेत गणित शिकवते. शाळेला स्प्रिंग ब्रेक होता, म्हणजे आठवडाभराची सुट्टी. तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये माझ्यासाठी एक खोली तिनं काढून ठेवली होती. गादी आणली, टीव्ही लावला, फोनवर फोटो दाखवले. खोली चांगली होती. मला जायचं नव्हतं. टेक्सासातल्या अर्विंग गावातलं हे बैठं घर बायकोनं आणि मी घेतलं, इथला प्रत्येक नळ मी एकदा तरी खोललेला आहे, आणि मला इथंच मरायचं होतं. एवढंच. दुसरं काही म्हणणं नव्हतं.

आता तिच्या हातात भिंतीचा पुरावा आला. काळा आणि ओला.

*

माझी बायको नर्स होती. मिरजेला शिकली, इथल्या नोकरीवर विमानात बसली आणि तिच्या मागून मी आलो. मी सातवी नापास, नळ जोडणारा. गावात लोक म्हणायचे, बायकोचा पदर धरून अमेरिकेला गेला. गेलोच. पदर मजबूत होता.

इथं अपार्टमेंटांच्या एका मोठ्या आवारात मेन्टेनन्सला लागलो आणि म्हातारा होईपर्यंत तिथंच राहिलो. नळ, गिझर, दारं, भिंती. इथल्या भिंती भिंती नसतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. उभी लाकडं रोवायची, त्यांच्यावर ड्रायवॉलचा तक्ता ठोकायचा. तक्ता म्हणजे दोन कागदांच्या मधे दाबलेली जिप्समची पांढरी भुकटी. वरून रंग. न्हाणीघरात रंगाच्या जागी टाइल. कोरडा असेपर्यंत राजा. खालून पाणी लागलं की दिव्याची वात तेल ओढते तसं तो वर ओढतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. टाइल चमकत असते.

आणि आमच्या लोकांचं न्हाणं तर सगळं टबाच्या बाहेर. नंतर नंतर त्या आवारात आपली कॉम्प्युटरवाली पोरं भरली, पुण्याची, नागपूरची, हैदराबादची. त्यांचे आईबाप सहा महिन्यांसाठी यायचे आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली की ऑफिसवाले मलाच हाक मारायचे, तुझी माणसं आहेत, तू जा. एकदा गेलो तर नागपूरच्या एक आजीबाई टब सोडून बाहेरच्या फरशीवर पाट मांडून, बादली घेऊन अंघोळ करायच्या. त्यांचा मुलगा लाजून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "काकू, इथं खाली मोरी नसते हो."

"मोरी नाही? मग पाणी जातं कुठं?"

"खालच्या बाईच्या डाळीत."

आजीबाईंनी विचार केला. म्हणाल्या, "मग एवढे शिकलेले लोक, मोरी का नाही ठेवत?"

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती एवढी हसली की भाकरी तव्यावर जळली. त्यानंतर घरात काहीही हरवलं, किल्ली, चष्मा, पगार, की ती म्हणायची, "जातं कुठं पाणी?"

*

मग बायकोला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जाऊन परत आलं, थोडं जड, पण जिभेची धार गेली नव्हती. हॉस्पिटलातून घरी पाठवताना एका बाईनं मला शिकवलं की पेशंटला कोमट पाण्याच्या स्पंजानं कसं पुसायचं. बायको खुर्चीवरून ऐकत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला पुसायचं नाही."

"मग?"

"आयुष्यभर मी लोकांना पुसलं. पुसलेला माणूस स्वच्छ होत नाही, नुसता ओला होतो. मला अंघोळ पाहिजे. अंगावरून पाणी वाहिलं पाहिजे."

टबाच्या काठावरून सरकत आत जायचा बाक आणला. उजवा पाय काठ ओलांडेना. एकदा घसरली आणि मी पकडली, तेव्हा तिचं तोंड जे झालं ते मला परत बघायचं नव्हतं. बाक गराजमध्ये गेला. दुसरी न्हाणी आहे आमच्याकडे, पण ती म्हणजे उभं कपाट. खुर्ची दारातून जात नाही.

मग टबाच्या बाहेर, फरशीवर, हातांची प्लास्टिकची खुर्ची ठेवली. बादली भरली. स्टीलचा तांब्या घेतला. तिचा डावा हात धरायला भिंतीला दांडा ठोकला. म्हणजे भिंतीला आणखी भोकं. मला सगळं कळत होतं. ज्या गोष्टीसाठी मी लोकांच्या म्हाताऱ्यांना रागावत फिरलो, तीच मी रोज सकाळी करणार होतो.

मी म्हटलं, "भिंत सडेल."

"किती दिवसांत?"

"सहा महिन्यांत मऊ पडेल. वर्षात हातात येईल."

"मग आधी मी जाते का भिंत, बघू," म्हणाली. "घाला पाणी."

पाणी आधी डाव्या पायावर घालायचं, तिथं तिला कळायचं. "कढत आहे." गार घालायचं. "आता मेलं बर्फ केलं." परत गरम. मग खांद्यावरून, पाठीवरून. मला घाई व्हायची, कारण खाली पाणी पसरलेलं दिसायचं. ती म्हणायची, "सावकाश. मी काय गाडी आहे का धुवायला?" डोळे मिटून बसायची. शेवटचा तांब्या डोक्यावरून.

तिला पुसून, पावडर लावून, पलंगावर बसवून मी परत जायचो आणि गुडघ्यांवर बसून जुन्या टॉवेलांनी फरशी टिपायचो. टॉवेल टबात पिळायचा, परत टिपायचं. फरशी आणि भिंत जिथं मिळते तिथली फट भरायला मी किती वेळा गम घातला असेल. गम म्हणजे दाखवायला. पाणी आपली वाट काढतं. पलंगावरून आवाज यायचा, "मिस्त्री, भिंत काय म्हणते?"

"पिते आहे."

"पिऊ दे बिचारीला."

रोज विचारायची. रोज मी तेच सांगायचो. उन्हाळा गेला. टाइल वाजवून बघितली की आधी टणक वाजायची, मग बद्द वाजायला लागली. मी वाजवायचं सोडून दिलं.

दुसरा झटका आला तेव्हा अंघोळ झालेली होती. टेबलाशी बसली होती, केस ओले होते. अँब्युलन्सच्या पोरानं मला विचारलं, केस ओले का आहेत, पडल्या का पाण्यात? म्हटलं, न्हाली आहे. हॉस्पिटलात पोचेपर्यंत केस वाळले नव्हते. ती मात्र गेली.

क्रियाकर्माच्या जागेत त्यांनी विचारलं की कपडे घालायच्या आधी घरच्यांना काही करायचं आहे का. म्हटलं, अंघोळ घालायची आहे. पुसायचं नाही, अंघोळ. त्या माणसानं मान हलवली आणि मला मागच्या खोलीत नेलं. पोरगी दाराबाहेर थांबली, आत यायला तिच्यानं झालं नाही. आत स्टीलचं लांब टेबल होतं, थोडं तिरकं. पायांकडे एक भोक आणि त्याला नळी, नळी खाली जमिनीतल्या जाळीत.

मोरी. इतकी वर्षं ह्या देशात काढली, आणि अंगावरचं पाणी कुठं जातं हे धडपणे दाखवणारी जागा मला तिथं दिसली.

त्यांनी बादली दिली. तांब्या मी घरून नेला होता. पाण्यात आधी माझाच हात घालून बघितला, कारण सांगायला कोणी नव्हतं. सावकाश घातलं. फरशी टिपावी लागली नाही.

*

तर पोरीचा हात भिंतीत गेला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. तिनं चहा घेतला नाही. टेबलापलीकडे बसली आणि शाळेत पोरांशी बोलते त्या आवाजात बोलायला लागली. बाबा, तू एकटा आहेस. बाबा, तू जेवतोस का मला माहीत नाही. बाबा, भिंत सडली आहे आणि तू म्हणतोस माहीत आहे. धिस इज नॉट ओके.

मी म्हटलं, "भिंत ही काही माझी तब्येत नाही. सडली तर काढून नवी घालतात."

"कोण घालणार?"

"मी."

"यू आर सेव्हंटी-फोर."

"भिंतीला माझं वय कोण सांगणार आहे?"

तिला हसू आलं नाही. मग मीच म्हटलं, "पैज लाव. तू जायच्या आत ही भिंत मी एकटा नीट करून दाखवतो. केली, तर मला इथून हलवायचं नाव काढायचं नाही. कधीच नाही."

"अँड इफ यू कान्ट?"

"तर बॅग भर माझी."

तिनं हात पुढे केला. आम्ही हात मिळवला. पोरीचा हात आईसारखाच गार असतो. म्हणाली, "मी हात लावणार नाही हं. नॉट वन फिंगर."

"लावलास तर मोडीन."

*

पहिल्या दिवशी फोडलं. पाणी बंद केलं, मास्क लावला, छिन्नी-हातोडा घेतला. हातोड्याची गरजच पडली नाही. खालच्या टाइल्स नखानं निघत होत्या. मागचा तक्ता चहात बुडवलेल्या खारीसारखा हातात यायचा. कागद काळा, त्यावर केसाळ बुरशी. दांड्याचे स्क्रू गंजून फुगले होते. आरशाच्या कपाटाच्या खाली, भिंतीच्या पोकळीत गंजक्या ब्लेडांचा ढीग निघाला. जुन्या घरांत कपाटाला मागं चीर असते, दाढीचं ब्लेड त्यातून भिंतीत टाकून द्यायचं. आमच्या आधी इथं राहिलेल्या कुठल्यातरी माणसाची सगळी दाढी तिथं पडली होती.

पोरगी दारात उभी होती, नाकाला ओढणी लावून. ब्लेडं बघून "शी, ग्रोस" म्हणाली. मग बुरशीकडे बघितलं.

"आई इथे बसायची," ती म्हणाली. "रोज. ह्याच्यात."

"हो."

"यू न्यू. आणि तू काहीच केलं नाहीस."

"कधी करायचं होतं? फोडलं असतं तर वाळायला दोन दिवस, बांधायला चार दिवस. तेवढे दिवस ती कुठं न्हाली असती?"

"स्पंज बाथ, बाबा! लोक करतात! मी आले होते तेव्हा मी केलं होतं की."

"केलं होतंस. आणि तू गेल्यावर ती काय म्हणाली, सांगू?"

सांगायला नको होतं हे मला कळत होतं, पण माझं तोंड थांबत नाही. "म्हणाली, पोरीनं मला टेबलासारखं पुसलं."

ती गेली. बाहेरचं दार वाजलं. मी काळा तक्ता पिशव्यांत भरत राहिलो. एकेका पिशवीचं वजन माणसाला उचलता येईल एवढंच ठेवायचं, हे जुनं शिक्षण. रस्त्याकडेला पिशव्यांची रांग लागली. शेवटची ठेवली तेव्हा ती समोरच्या झाडाखाली उभी होती. रडून झालं होतं. मला म्हणाली, "तू पण काही कमी नाहीस."

"नाहीच."

दुपारी तिनं खिचडी केली. मीठ विसरली. मी तशीच खाल्ली, वाढून घेतली.

लाकडं उघडी पडली. उभी बरी होती. खालचं आडवं लाकूड काळं पडलं होतं. त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर एका जागी लोण्यात गेल्यासारखा गेला. तेवढा तुकडा करवतीनं काढला आणि नवा घातला. बाकीच्यावर ब्लीचचं पाणी मारलं, पंखा लावला आणि वाळू दिलं. पंखा दोन दिवस घरघरत होता. ह्या दोन दिवसांत काही करता येत नाही, नुसतं थांबायचं. ओल्या लाकडावर भिंत लावली की ती आतून परत सडते. पोरगी कॅलेंडर बघायची. मला म्हणायची, "टिक टॉक." मी म्हणायचो, "लाकडाला सांग."

*

सिमेंट बोर्ड आणला. ह्या वेळी ड्रायवॉल नाही. सिमेंट बोर्ड पाण्यानं सडत नाही, पण जड असतो. दुकानातल्या पोरानं तो गाडीत ठेवून दिला. गाडीतून मी एकटा ओढत आणला, पोतं ओढतात तसा, जमिनीवरून. न्हाणीत आणून भिंतीशी उभा केला. आता उचलून लाकडांवर धरायचा, एका हातानं दाबायचा, दुसऱ्या हातानं स्क्रू मारायचा. हे मी आयुष्यभर केलं आहे. दोन-दोन बोर्ड एका दमात लावले आहेत.

उचलला. छातीपर्यंत आला. उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि बोर्ड सुटला. कोपरा फरशीवर आपटून फुटला. मी टबाच्या काठावर बसलो. खांद्याला हात लावता येईना.

ती दारात आली. दोन्ही हात पाठीमागं धरलेले होते, शाळेत पोरं धरतात तसे. माझ्याकडे बघत होती. एक पाऊल आत टाकलं.

"हात लावू नकोस."

"आय अॅम नॉट टचिंग एनीथिंग."

"मग पाय कशाला आत?"

पाय मागं घेतला. गेली मात्र नाही. आम्ही दोघं तसेच बसून, म्हणजे मी बसून आणि ती उभी. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. तेच मला जास्त लागलं. जिंकली असती, टाळी वाजवली असती, तर मी रागानं उठलो असतो. ती घाबरलेली होती. तिला तिथं बाप दिसत नव्हता, एक बोर्ड न उचलता येणारा म्हातारा दिसत होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, ती गादी, खाली रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं, आणि वरून त्यांच्याकडे बघत बसलेला मी.

थोड्या वेळानं उठलो. बोर्ड परत गराजमध्ये ओढत नेला. सुरी लावून चीर पाडली, गुडघ्यावर मोडला. परत चीर, परत मोडला. अख्ख्या बोर्डाच्या आडव्या पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टी मला डाव्या हातानं उचलवेल एवढी.

"धिस इज चीटिंग," ती म्हणाली.

"अट एकट्यानं करायची होती. अख्खा लावायचा असं कुठं ठरलं होतं?"

"सांधे किती येतील, बाबा."

"सांधे भरतात."

खालची पट्टी आधी, फरशीपासून बोटभर वर, खाली पाचर देऊन. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी. उजवा हात नुसता आधाराला. एखाद्या धडधाकट माणसानं तासाभरात केलं असतं ते काम मी दिवसभर केलं. सांध्यांवर जाळीची पट्टी, त्यावर सिमेंटचा माल. ते वाळल्यावर रबरासारखा लेप, दोन हात. लेप मी फरशीवरून थोडा पुढं, खुर्ची असायची तिथपर्यंत ओढला. टबाच्या बाहेर असा लेप कोणी मारत नाही. पोरीनं बघितलं.

मग टाइल. जुन्या गुलाबी. त्यांतल्या निम्म्या धडक्या निघाल्या, त्या घासून ठेवल्या होत्या. तसला गुलाबी रंग आता मिळत नाही, म्हणून कमी पडल्या तिथं पांढऱ्या घेतल्या. लावून झाल्यावर भिंत कोड आलेल्या माणसासारखी दिसते. बायकोला तो गुलाबी रंग कधीच आवडला नव्हता. म्हणायची, बाळंतिणीची खोली. निम्मा गेला, एवढं तरी तिच्या मनासारखं झालं.

दांडा परत लावला नाही. भोकं नकोत.

*

ती जायच्या आदल्या संध्याकाळी म्हणाली, "टेस्ट केलं का?"

म्हटलं, "काय टेस्ट?"

तिनं बादली आणली. तांब्या तिनंच शोधून काढला, कपाटात मागं ठेवला होता तो. पाणी भरलं आणि टबाच्या बाहेर, फरशीवर उकिडवी बसली. एक तांब्या भिंतीवर ओतला. पाणी टाइल्सवरून खाली आलं, फरशीवर पसरलं, तिच्या पायांखालून दारापर्यंत गेलं.

"जातं कुठं पाणी?" ती म्हणाली. मराठीत, आईच्या ठेक्यात. मला वाटायचं पोरीला त्यातलं काही आठवत नसेल.

आणखी दोन तांबे ओतले. मग टॉवेल घेऊन दोघांनी टिपलं. गुडघ्यांवर, बाजूबाजूला. फरशी टिपणं अटीत नव्हतं. ती टॉवेल पिळताना म्हणाली, "मी आईला नीट नाही केलं ना."

"तुला कोणी शिकवलं नव्हतं."

"तू शिकवायचं होतंस."

"हो."

भिंतीवर हात फिरवून, खालच्या सांध्याशी बोट दाबून तिनं बघितलं. म्हणाली, "ओके. यू विन. मी परत विचारणार नाही." मग, "बाबा, ही भिंत एवढी वॉटरप्रूफ केलीस. इथे आता कोण अंघोळ करणार बाहेर बसून?"

"मी. बादलीनं करीन."

"प्रॉमिस?"

"अगं, भिंत कशाला बांधली मग?"

दुसऱ्या दिवशी तिला एअरपोर्टला सोडलं. उजव्या खांद्यामुळं गाडी डाव्या हातानं चालवली. ती बघत होती, पण शब्दाला जागली. उतरताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पोराच्या फिरवतात तसा.

*

आता रविवारी फोन येतो. यायचं का, एकटं वाटतं का, जेवलास का, यातलं ती काही विचारत नाही. शब्द दिला आहे. विचारते, "भिंत कशी आहे?"

तिच्या आईनं तिच्यासमोर हे कधी विचारलं नव्हतं. ते सकाळचं असायचं, पलंगावरून, आमच्या दोघांतलं. मी पोरीला सांगितलं नाही आणि सांगणार नाही.

मी फोन घेऊन न्हाणीत जातो. दिवा लावतो. खाली फरशीशी, सांध्याला बोट लावून बघतो, कारण खोटं बोलायचं नाही. मग सांगतो, "कोरडी आहे."

"गुड," म्हणते. तिला बरं वाटतं. दोन इकडचं तिकडचं बोलते आणि ठेवते.

कोरडी आहे हे खरं आहे. खुर्ची गराजमध्ये, बाकाशेजारी ठेवली आहे. तांब्या परत कपाटात. अंघोळ मी त्या दुसऱ्या न्हाणीत करतो, उभ्या कपाटात, भिंतीला पाठ लावून, पटकन. ही इथली भिंत पोरीनं तांब्या ओतला त्या संध्याकाळनंतर भिजलेली नाही. पाणी पडलंच नाही तर ओल कुठून येणार.

रविवारचा फोन झाला की दिवा बंद करतो आणि दार लोटून घेतो. वास गेला आहे. पूर्ण गेला.